फुटीचा ताळेबंद मांडू या



‘पक्ष फुटला’ अशी बातमी आली की आपल्या वस्तीत दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, “राजकारण आहे ते, चालायचंच. आपल्याला काय त्याचं?” दुसरा कपाळावर हात मारून म्हणतो, “आपल्या समाजाला फुटीचा शापच आहे!” आमच्या मते ही दोन्ही बोलणी घातक आहेत. पहिल्या बोलण्याने लोकशाही लंगडी होते. दुसऱ्याने बाबासाहेबांचा विचारच खोटा ठरतो. शाप, नशीब, प्रारब्ध हे सगळे गाठोडे आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला टाकून आलो. फुटीला कारणे असतात. कारणे सापडली की इलाजही सापडतो.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. होऊन हिशेबाच्या टेबलावर बसलो आणि उरलेला वेळ विहाराच्या, वस्तीच्या कामात घातला. त्यामुळे कोणतीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी मांडून पाहण्याची सवय हाडात मुरली आहे. आज फुटीचा ताळेबंद तसाच मांडू या.

सुरुवात आपल्या घरापासून केलेली बरी. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. त्याच वर्षी दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपला निळा झेंडा इतर पक्षांच्या खांद्याला खांदा लावून होता. एवढी भरलेली तिजोरी हाती असताना दोन-तीन वर्षांतच पक्षाचे दोन तुकडे झाले. बी. सी. कांबळे यांच्या गटाला लोक ‘दुरुस्त’ म्हणू लागले आणि दादासाहेबांच्या गटाला ‘नादुरुस्त’. एकीकडे शिकलेली वकील मंडळी आणि घटनात्मक मार्गाचा आग्रह, दुसरीकडे धोतर नेसणारे दादासाहेब आणि भूमिहीनांच्या जमिनीचा लढा. खरे तर हे दोन्ही बाबासाहेबांचेच हात होते. एकाने कायदा सांभाळावा आणि दुसऱ्याने रान पेटवावे, असे वाटून घेता आले असते. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली, ती याच पक्षाच्या हाकेला ओ देऊन. म्हणजे जनता फुटली नव्हती. फुटले होते ते पुढारी.

पुढे काही जण काँग्रेसमध्ये गेले. मग गवई गट आणि खोब्रागडे गट झाले. १९७२ मध्ये दलित पँथर आली आणि तरुणांच्या अंगात वीज संचारली. १९७४ मध्ये तीही दुभंगली. बुद्ध की मार्क्स, या वादात संघटना मोडली आणि अन्याय करणारे मात्र मोकळे राहिले.

आमच्या पिढीने पाहिलेली गोष्ट त्यानंतरची. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या रक्ताने समाज एक झाला आणि पुढाऱ्यांनाही एक व्हावे लागले. फेब्रुवारी-मार्च १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून असे चार खासदार निवडून आले. चारही जण खुल्या मतदारसंघांतून! आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. वस्तीतली म्हातारी माणसे रेडिओला कान लावून बसली होती आणि चौथे नाव ऐकून डोळे पुसत होती. त्यानंतर दीड वर्षाने, १९९९ मध्ये, पुन्हा निवडणूक लागली, तोवर ते ऐक्य विस्कटले होते. चारांपैकी दोघेच लोकसभेत परत गेले आणि तेही वेगवेगळ्या पक्षांतून.

आता नावे बाजू पाहा. हत्ती हे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे आणि नंतर रिपब्लिकन पक्षाचे चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या आमच्या आज्यांना हत्ती ओळखता येत होता. गटातटांत पक्षाची ताकद गेली, मान्यता गेली आणि हत्तीही गेला. पुढे तो बहुजन समाज पक्षाकडे दिसला. चिन्ह जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या मोठ्या पक्षांना आत्ता कळले. आपल्याला ते कधीचेच ठाऊक आहे.

महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, तर ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळ अजित पवार गटाला. कोण बरोबर आणि कोण चूक, यात आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साध्या मतदाराचा आहे. ज्याने एका चिन्हावर, एका जाहीरनाम्यावर मत दिले, त्याचे मत कुठे गेले? दुकानात तांदळाचे पैसे देऊन घरी आल्यावर पिशवीत ज्वारी निघाली, तर आपण दुकानदाराला जाब विचारतो. इथे पाच वर्षे जाब विचारता येत नाही.

यावर कायदा नाही असे नाही. १९६७ मध्ये हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात अनेकदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ ही म्हण देशभर झाली. अखेर १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडणाऱ्याची किंवा पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकी जाईल, असे ठरले. पण त्यात एक खिडकी उघडी ठेवली होती. एक तृतीयांश सदस्य एकदम फुटले तर त्यांना अभय! २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती खिडकी बंद केली. मात्र दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाला तयार असले तर सूट अजून आहेच. म्हणजे एकट्याने, सद्सद्विवेकाला स्मरून, पक्षाविरुद्ध मत दिले तर त्याची खुर्ची जाते. घोळक्याने गेले तर वाट मोकळी. शिवाय निवाडा करायचा सभागृहाच्या अध्यक्षाने आणि तो बहुधा सत्ताधारी पक्षातूनच आलेला. कुंपणच शेत राखणार की खाणार, याची खात्री कायद्याने कशी द्यावी?

यावर काही वाचक विचारतील, “म्हणजे माणसाने पक्ष कधी सोडूच नये काय? बाबासाहेबांनीही पक्ष बदलले की!” हा प्रश्न टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन काढले आणि शेवटी रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. पण तिथे पाऊल पुढे पडत होते. मजुरांचा लढा, मग अस्पृश्यांचा स्वतंत्र आवाज, मग सर्व शोषितांचा व्यापक पक्ष. आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिल अडवले गेले, तेव्हा त्यांनी केंद्रातले कायदामंत्रिपद सोडले. त्या दिवशी त्यांच्या जमा बाजूला काय पडले? बंगला नाही, महामंडळ नाही, काहीच नाही. नावे बाजूला मंत्रिपद गेले.

इथेच आमची कारकुनी कसोटी आहे. कोणी पक्ष सोडला की त्याचे भाषण ऐकू नका, त्याची खतावणी उघडा. जाताना त्याने काय सोडले आणि जाऊन काय मिळवले? सोडताना गमावले असेल तर तो बहुतेक विचाराचा प्रश्न असतो. सोडताना मिळवले असेल, तर विचाराचे नाव फक्त पावतीवर लिहिलेले असते.

पण सगळी फूट लोभानेच होते, असेही आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे मतभेद झाला तर तो मांडायला आणि हरल्यावर घरातच सन्मानाने राहायला जागा नसते, हे फुटीचे मोठे कारण आहे. किती पक्षांत सभासदांची खरी यादी असते? किती पक्षांत अध्यक्ष मतदानाने निवडतात? आज हरलेल्याला खात्री हवी की दोन वर्षांनी पुन्हा मतदान होईल आणि तेव्हा आपणही जिंकू शकू. ती खात्री नसेल तर हरलेला माणूस दार आपटून जातो आणि शेजारी नवा बोर्ड लावतो. ‘राष्ट्रीय अध्यक्ष’ त्याच दिवशी तयार! २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. त्याच भाषणात त्यांनी भिक्खूसंघाच्या सभांचे नियमही सांगितले होते. बैठकीची रचना, ठराव, गणसंख्या आणि मतमोजणी हे सारे संघाला माहीत होते. संघात शलाका वाटून मते घेत. म्हणजे मतभेद झाला तर करायचे काय, याची रीत आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे. आपण ती विहाराच्या कमिटीतही वापरत नाही, मग पक्षात कुठून येणार?

विनयपिटकाच्या महावग्गात कोसंबीची हकीकत आहे. शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढ्या कारणावरून भिक्खूंत दोन तट पडले. भगवंतांनी समजावले, पण ते ऐकेनात. शेवटी भगवंत एकटेच वनात निघून गेले. मग भांडण कोणी मिटवले? कोसंबीच्या उपासकांनी! त्यांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही आणि भिक्षाही घालायची नाही. पात्र रिकामे राहू लागले तेव्हा दोन्ही तट शुद्धीवर आले आणि श्रावस्तीला जाऊन त्यांनी समेट केला.

ही हकीकत आमच्या वस्तीत आम्ही जागेपणी पाहिली. काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात निळ्या झेंड्याचे दोन उमेदवार उभे राहिले. दोघांची मते एकत्र केली असती तर निवडून आलेल्यापेक्षा जास्त भरत होती. दोघेही पडले. राग उतरला तो जयंतीवर. १४ एप्रिलच्या दोन कमिट्या झाल्या, दोन पावतीपुस्तके छापली गेली आणि एकाच गल्लीत दोन मंडपांचे बांबू येऊन पडले. सख्खे साडू एकमेकांच्या नामकरणाला जाईनासे झाले. विहाराच्या कुलपावर दुसरे कुलूप चढले आणि पोरांची संध्याकाळची अभ्यासिका तीन महिने बंद पडली. त्या वर्षी दहावीला बसलेल्या मुली जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करत होत्या.

तोडगा कोणा पुढाऱ्याने काढला नाही. वर्षावासात ग्रंथवाचनाला जमणाऱ्या महिला मंडळाने काढला. दोन्ही कमिट्यांचे कार्यकर्ते वर्गणीला आले, तेव्हा एक आजी उंबऱ्यात बसून म्हणाल्या, “बाळांनो, बाबा एक, तर पावतीही एकच फाडा. दोन पावत्या आणाल तर एक रुपया नाही, आणि भोजनदानाला चूलही पेटणार नाही.” एक कार्यकर्ता म्हणाला, “आजी, तुम्हाला त्यातलं राजकारण माहीत नाही.” आजी म्हणाल्या, “राजकारण नाही माहीत, पण पोरीचं पुस्तक बंद झालंय, ते माहीत आहे.” घरोघर हेच उत्तर मिळत गेले. आठ दिवसांत दोन्ही बाजू विहारात सतरंजीवर बसल्या. गुप्त मतदानाने कमिटी निवडली. जे हरले त्यांच्यातल्या एकाकडे हिशेब तपासणीचे काम दिले आणि दर दोन वर्षांनी मतदान घ्यायचे, असे इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या. त्यानंतर मतदान दोनदा झाले. एकदा जुने हरलेले जिंकले. मंडप मात्र एकच राहिला. अभ्यासिका आजही रोज उघडते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. देश मोठा आहे, पक्ष मोठे आहेत, आपण कामगार, कारकून, घरकाम करणारी माणसे. दिल्लीतले कायदे आपण उद्या बदलू शकत नाही. पण वर्गणी आपली आहे, मत आपले आहे आणि मोर्चातली गर्दीही आपलीच आहे. यापुढे कोणताही गट दारात आला तर तीन गोष्टी विचारा. तुमच्या सभासदांची यादी कुठे आहे? तुमचे शेवटचे मतदान कधी झाले आणि त्यात हरलेला माणूस आज कुठे बसतो? गेल्या वर्षीचा हिशेब कुठे लावला आहे? उत्तर मिळेपर्यंत पावती फाडू देऊ नका. आणि आधी हेच तीन प्रश्न आपल्या विहाराच्या, पतपेढीच्या, महिला मंडळाच्या बैठकीत विचारा.

संविधान लागू होऊन पाऊणशे वर्षे झाली. माणसाचे हे म्हातारपण, पण राष्ट्राच्या हिशेबाने वय अजून कोवळे आहे. या वयात लागलेली सवय पुढे टिकते. हरलो तरी घर न सोडण्याची आणि जिंकलो तरी दार बंद न करण्याची सवय आपल्या मुलांनी कुठे पाहायची? येत्या पौर्णिमेला तुमच्या विहारात बैठक असेल. तिथे मुलांना घेऊन जा, आणि मतदान होणार असेल तर मतपेटी त्यांच्याच हातात द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!