लव्हाळा

पावसाची पहिली झड ओसरली की शेताच्या बांधावर, पाटाच्या काठी, शाळेच्या पटांगणाच्या कडेला, फार काय, फरशीच्या फटींतूनही हिरवी पाती डोके वर काढतात. आपण त्या साऱ्यांना ‘गवत’ या एकाच नावाने संबोधतो आणि पुढे चालू लागतो. या हिरव्या गर्दीत एक असामी अशी आहे, की जिला गवत म्हणणे ही केवळ चुकीची ओळख ठरत नाही. शेतकऱ्याला ती फार महागात पडते. तिचे नाव लव्हाळा. कोणी तिला मोथा म्हणतात, तर कोणी नागरमोथा.

लव्हाळ्याची पारख करण्यास दुर्बिणीची गरज नाही. आपली दोन बोटे पुरेत. त्याची फुलोऱ्याची काडी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून हलकेच फिरवून पाहा. ती सुरळीत फिरत नाही, अडखळते. कारण तिला तीन धारा असतात. आडवी कापली तर तिचा छेद त्रिकोणी दिसतो आणि आतून ती भरीव असते. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ आणि पेऱ्यापेऱ्यांची असते. लव्हाळ्याच्या काडीला पेरे दिसत नाहीत. गवताची पाने काडीवर दोन रांगांत येतात, तर लव्हाळ्याची तीन रांगांत. गवताच्या पानाचा खालचा भाग काडीभोवती उपरण्यासारखा गुंडाळलेला असतो. त्याच्या कडा बहुधा मोकळ्या असतात. लव्हाळ्यात तोच भाग नळीसारखा सर्व बाजूंनी बंद असतो. काडीच्या टोकाशी छत्रीच्या काड्यांप्रमाणे लहानमोठ्या शाखा फुटतात आणि त्यांवर तांबूस-तपकिरी रंगाची बारीक कणसे लागतात. त्यांतल्या फुलांना पाकळ्या नसतात. एका खवल्याच्या आड तीन केसर आणि तीन टोकांचा किंजल्क एवढाच त्यांचा संसार! पुढे जे फळ धरते, तेही तिधारीच. तीन या अंकाशी या वनस्पतीने जणू करारच केला आहे.

स्वीडन देशातील कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ग्रंथात हिला ‘सायपेरस रोटुंडस’ हे नाव दिले. ‘रोटुंडस’ म्हणजे वाटोळा. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव. दुसरा शब्द जातीचा, म्हणजे तिचे स्वतःचे नाव. लिनियसने वनस्पतींचे वर्ग पाडले ते मुख्यतः केसरांची संख्या मोजून, आणि तीन केसरांच्या वर्गात लव्हाळा व बहुतेक गवते एकत्र आली. पुढे १७८९ साली फ्रान्समधील जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाने अनेक लक्षणे एकत्र विचारात घेऊन वनस्पतींची कुले ठरविली. तेथे लव्हाळ्याच्या घराण्याला गवतांहून वेगळे बिऱ्हाड मिळाले. या कुलात आज सुमारे साडेपाच हजार जाती गणल्या जातात. ज्वारी, गहू, भात ही मात्र गवताच्या कुलातली. दोन्ही कुले एकाच गणात मोडतात. तेव्हा लव्हाळा हा ज्वारीचा सख्खा भाऊ नसून दूरचा चुलतभाऊ आहे, असे म्हणू या. प्राचीन इजिप्तमधील लोक ज्या उंच, तिधारी काड्यांपासून लिहिण्याची पाने तयार करीत, ती पपायरस ही वनस्पती तर लव्हाळ्याच्या अगदी जवळच्या नात्यातली, एकाच प्रजातीतली. ‘पेपर’ हा शब्द तिच्याच नावावरून आला आहे.

एवढा कुळाचार कशासाठी सांगायचा, असे तुम्हांला वाटेल. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे.

मी ज्या शाळेत पुष्कळ वर्षे शिकविले, तिच्या मागे मुलांचे भाजीचे वाफे होते. एका श्रावणात वाफ्यांत लव्हाळा माजला. मुलांनी मोठ्या उत्साहाने एका दुपारी तो मुठी भरभरून उपटला आणि वाफे कसे लख्ख केले. आठ दिवसांनी पाहतात, तो पूर्वीपेक्षाही दाट हिरवळ! एका मुलाने गंभीरपणे विचारले, “सर, आम्ही हे उपटले की पेरले?” बाग पाहणारे वृद्ध गृहस्थ जवळच होते, त्यांना सारे तात्या म्हणत. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कुदळीने मातीचे एक ढेकूळ अलगद उचलले, बादलीतल्या पाण्यात ते हळूहळू धुतले आणि जे उरले ते मुलांच्या हातांवर ठेवले. काळ्या दोऱ्यात रुद्राक्ष ओवावेत, तशी कंदांची माळ होती ती! एक कंद फोडला तर आत पांढरा गर आणि मातकट, पण मनाला प्रसन्न करणारा सुवास.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या माळेत होते. लव्हाळ्याचे बी क्वचितच रुजते. त्याचा सारा वंशविस्तार या कंदांवर चालतो. माळ अखंड असते तेव्हा टोकाचा कंद जोमाने फुटतो आणि मागच्या कंदांना तो बहुधा दबवून ठेवतो. ते बिचारे निजून राहतात. परंतु पात उपटताना किंवा खुरपे चालताना माळ तुटली, की तो दाब नाहीसा होतो आणि निजलेला एकेक कंद जागा होऊन आपले स्वतंत्र रोप वर पाठवितो. साध्या गवताला लावायचा उपाय लव्हाळ्याला लावला, तर शत्रूचे सैन्य आपणच वाढविल्यासारखे होते. उन्हातान्हात कमरा मोडेपर्यंत खुरपणी करणाऱ्या कष्टकरी बायकांची दिवसभराची मेहनत अशा वेळी आठवड्याभरात मातीला मिळते. ही केवळ आपल्याकडचीच कथा नव्हे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या जगातील तणांविषयीच्या एका ग्रंथात लव्हाळ्याला सर्व तणांत पहिले स्थान दिले होते. ९२ देशांत आणि ५२ पिकांत तो उपद्रव देतो, अशी त्यात नोंद आहे.

मात्र ज्याने त्याचा स्वभाव जाणला, त्याला त्याचे मर्मही सापडते. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीत असतात आणि त्यांना कोरडेपणा सोसत नाही. म्हणून जाणता शेतकरी भर उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, कंद वर आणतो आणि त्यांना कडक उन्हात सुकू देतो. उरलेले वेचून काढतो. लव्हाळा प्रखर उन्हाचा भोक्ता आहे, सावलीत तो खंगतो. म्हणून दाट वाढणारे पीक घेऊन त्याच्या डोक्यावर छाया धरली, की त्याचा जोर ओसरतो.

आता याच कंदाची दुसरी बाजू पाहा. आयुर्वेदात त्याला ‘मुस्ता’ म्हणतात आणि ज्वर, अतिसार यांवरील औषधांत त्याला मानाचे स्थान आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त राजा दुष्यंत शिकार थांबवितो, तेव्हा रानडुकरांनी डबक्याकाठी निर्धास्तपणे मुस्ता उकरावी, असे तो म्हणतो. आफ्रिकेत सुदानमध्ये पांढऱ्या नाईल नदीजवळ अल् खिदाय येथे सापडलेल्या प्राचीन माणसांच्या दातांवरील किटणात या वनस्पतीचे अंश आढळले, असे २०१४ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. म्हणजे शेती येण्यापूर्वीपासून माणूस हे कंद खात आला आहे. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? दिवाळीच्या पहाटे तुमच्या अंगाला जे उटणे लावतात, त्यातला नागरमोथा हा याच कंदाचा किंवा त्याच्या निकटच्या जातीचा. श्रावणात ज्याच्या नावाने शेतकरी कपाळाला हात लावतो, त्याच्याच गोत्राचा सुगंध आश्विनात घराघरांत दरवळतो!

तण आणि औषध ही नावे आपण आपल्या सोयीने ठेवली आहेत. लव्हाळ्याला त्यांची वार्ताही नाही. तुकोबांनी महापुरात टिकून राहणारा लव्हाळा नम्रतेचा आदर्श म्हणून लोकांपुढे ठेवला. नदीकाठच्या अशा अनेक तिधारी वनस्पतींना आपल्याकडे लव्हाळा म्हणतात. वाकण्याचा गुण तर त्यांच्यात आहेच. पण आपल्या या लव्हाळ्याची चिकाटी डोळ्यांना दिसत नाही, ती मातीत दडलेली असते. जे वर दिसते तेवढ्यावरून त्याला जोखू गेलेला फसतो. जो माती उकरून पाहतो, त्याला त्याच्याशी झुंजताही येते आणि त्याचा उपयोगही करून घेता येतो.

पुढच्या पावसाळ्यात एखादी हिरवी काडी हाती आली, तर तिला लगेच गवत म्हणू नका. आधी ती दोन बोटांत फिरवून पाहा.