हिरवट

स्पॅनिशच्या वहीत आज ‘वेर्दे’ या एका विशेषणानंच पान भरलं. अर्थ साधा: हिरवा. पण क्रियापद बदललं की मामला बदलतो. सफरचंद ‘एस वेर्दे’ म्हणजे जातीचंच हिरवं. ‘एस्ता वेर्दे’ म्हणजे अजून कच्चं, थांबा जरा. कामाला लागलेला नवखा पोरगाही ‘एस्ता वेर्दे’च. अठराव्या शतकातल्या सामानिएगो या स्पॅनिश कवीच्या पद्यकथेतला कोल्हा द्राक्षं पिकलेली नाहीत, म्हणजे ‘वेर्दे’च, असं म्हणून निघून जातो. आपला कोल्हा न चाखताच ती आंबट ठरवतो. निदान डोळ्यांना दिसलं तेवढंच बोलणारा स्पॅनिश कोल्हा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

मग ‘चिस्ते वेर्दे’, म्हणजे चावट विनोद. (इंग्रजांचा तो निळा असतो.) आणि ‘विएहो वेर्दे’: केस पिकलेले, नजर मात्र तरण्या पोरींवर. इथे शब्दकोशाची गरजच पडली नाही, कारण आपल्याकडेही असल्या माणसाला हिरवट म्हातारा म्हणतात. माद्रिद आणि मिरज यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नसताना! हिरवं म्हणजे रस न आटलेलं, एवढं दोघांनाही दिसलं असणार. स्पॅनिशमध्ये हा शब्द आधी उतारवयातल्या टवटवीचं कौतुक करायचा. पुढे त्याची शिवी झाली. ‘विएहा वेर्दे’ असं स्त्रीलिंगी रूपही आहे, पण शिवी जास्त करून पुरुषांच्याच वाट्याला येते. बरोबरच आहे म्हणा.

तेव्हा स्पॅनिश शिकणाऱ्यांनो, एखाद्या आजोबांच्या हिरव्या सदऱ्याचं कौतुक करायचं असेल, तर ‘वेर्दे’ सदऱ्यालाच जोडा, आजोबांना नको.