महर्षि आणि महार्षि

नियम आधीं सांगावा कीं उदाहरणें आधीं द्यावीं, हा शिक्षकांमधला जुना वाद आहे. संस्कृत शिकवितांना आम्ही दुसऱ्या पक्षाचे होतों. 'देव + ऋषि = देवर्षि', 'सप्त + ऋषि = सप्तर्षि' असें फळ्यावर लिहावयाचें आणि मुलांकडूनच नियम काढवून घ्यावयाचा. एकदां 'महा + ऋषि' विचारतांच एका मुलानें 'महार्षि' असें लिहिलें. आम्हीं त्यास वर्गादेखत निर्बुद्ध म्हटलें व 'महर्षि' पन्नास वेळां लिहावयास लाविलें.

हें आठवण्यास निमित्त झाला आमचा पुतण्या. तो पुण्यास संगणकाच्या आज्ञावली रचतो. मोठ्या कामांत आधीं आराखडा काढतात व त्याचें रूपांतर यंत्राकडून करवितात. उदाहरणार्थ, आराखड्यांतील प्रत्येक वस्तुप्रकाराचा एक तक्ता, प्रत्येक गुणाचा एक रकाना. ह्या रूपांतराचे नियम हातानें लिहिणें किचकट. म्हणून बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठांतील डानियेल वारो ह्यांनीं २००६ सालीं असें सुचविलें कीं, मूळ आराखडा, त्याचें इष्ट रूप आणि कशाचें काय झालें ह्याच्या खुणा, अशा जोड्या यंत्रापुढें ठेवाव्या. त्यांवरून नियम यंत्रानें काढावा व माणसानें तपासावा.

"मग यंत्र चुकत नाहीं?" आम्हीं विचारिलें.

"चुकतें ना, काका! विद्यार्थी एकाच वर्गांत असतो. त्याच्या तक्त्यांत वर्गाचा रकाना वाढविला कीं झालें. नुसतीं अशींच उदाहरणें दिलीं, तर यंत्र तोच नियम धरतें. पण एका विद्यार्थ्यास अनेक विषय, आणि एका विषयास अनेक विद्यार्थी! तेथें दोहोंस जोडणारा तिसरा तक्ताच लागतो."

"मग यंत्रास शिक्षा काय करतां?"

तो हंसला. "त्याचा काय दोष? दाखविलें त्यावरून त्यानें बरोबरच अनुमान केलें. राहिलेलें उदाहरण आम्हीच घालतों."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. देवर्षि, सप्तर्षि: दोहोंतही पहिला शब्द जसाच्या तसा राहून पुढें 'र्षि' आलें. त्यावरून 'महार्षि' हेंच निघतें! अ असो वा आ असो, पुढें ऋ आला कीं दोहोंच्या जागीं 'अर्' होतो. पाणिनीचा नियम अ आणि आ ह्या दोहोंसही लागू आहे. आम्हीं उदाहरणें मात्र एकट्या अकाराचीं दिलीं होतीं.

तो मुलगा आतां पन्नाशीचा असेल. कोठें आहे, ठाऊक नाहीं. घरीं मुलांस शिकविणाऱ्या वाचकांस एवढेंच सांगणें कीं, मूल चुकलें तर आधीं आपलीं उदाहरणें तपासावीं. तें पन्नास वेळां लिहिणें वास्तविक आमच्या वांट्याचें होतें.