दारातला उजेड

म्हातारपणी आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रियेला ती काही केल्या तयार होईना. संध्याकाळी पश्चिमेच्या दारासमोर ती माळ ओढीत बसे. माणसे तिला दिसत नसत. दारातला उजेड तेवढा कळे. कुणी उंबरठ्यावर आले की तो मंदावे आणि आई नाव घेऊन हाक मारी. बहुधा ते बरोबर निघे.

एकदा ती सुनेला म्हणाली, "हिरवं पातळ नेसलीस वाटतं!"

मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच हसलो. "आई, हे मात्र अंदाजपंचे हं!"

त्यानंतर तिने कुणाच्या पातळाचा रंग सांगितला नाही.

हे आठवले ते परवा एका ग्रहाची हकीकत वाचताना. महाश्व तारकासमूहात, सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर, एचडी २०९४५८ नावाचा तारा आहे. (नाव कसले, मोटारीचा नंबरच!) त्याला खेटून गुरूहून मोठा ग्रह फिरतो. हजार अंशांहून अधिक तापलेला. वर्ष साडेतीन दिवसांचे. दिवाळीचा फराळ करायचा तरी केव्हा? ताऱ्याच्या झगमगाटात तो वेगळा दिसत नाही. पण समोरून गेला की ताऱ्याचा उजेड शंभरात दीड भाग मंदावतो. हे १९९९ साली कळले.

खरी गंमत पुढेच आहे. ग्रहाचा गोळा उजेड साफ अडवतो. कडेच्या विरळ हवेतून मात्र थोडा गाळून येतो, आणि त्या हवेत जे असेल ते आपापला रंग त्यातून गिळते. २००१ साली डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून तो उजेड तपासला. एका ठरावीक पिवळ्या रंगात दहा हजारांत जेमतेम दोन भाग जास्त तूट होती. ती सोडियमची खूण! मिठाचे पाणी उतू गेले की शेगडीची ज्योत पिवळी करतो, तोच हा सोडियम. पुढे २०२२ साली वेब दुर्बिणीने अशाच दुसऱ्या एका तप्त ग्रहावर कार्बन डायऑक्साइड हुडकला.

मी थबकलो. अंग उजेड अडवते. पण उन्हात धरलेला पदर? तो तर उजेड रंगवून आत सोडतो!

रात्री गच्चीवर महाश्वाचा चौकोन दाखवीत मी हिला हे सारे ऐकवले. ती बराच वेळ वर पाहत होती.

"त्या दिवशी मी हिरवंच नेसले होते," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलं कुठं होतंत?"