केरीचा धक्का आणि सात आसनांची गाडी

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या बाजूस. दुसरे फोंडे तालुक्यात. आणि तिसरे पेडणे तालुक्याच्या वायव्य टोकाला, तेरेखोल नदी जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे. तेव्हा केरीस निघणाऱ्या प्रवाशाने आपणांस कोणती केरी अभिप्रेत आहे हे आधी ठरवावे; नाहीतर समुद्र पाहावयास निघालेला मनुष्य डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोहोचावयाचा! आज वाचकांस मी घेऊन जाणार आहे ते पेडण्याच्या केरीस.

या केरीचे सौंदर्य शांत प्रकृतीचे आहे. एका बाजूस लांबच लांब वाळूचा किनारा, त्याच्या कडेने सुरूची झाडे, गावात आजोबा देवाचे प्रसिद्ध देवस्थान, आणि उत्तरेस संथ, रुंद अशी तेरेखोल नदी. नदीपलीकडे टेकडीवर तेरेखोलचा लहानसा किल्ला उभा आहे. नदीच्या उत्तर तीरावर गोव्याची एवढीच काय ती वस्ती. तिच्याभोवती सारा सिंधुदुर्ग जिल्हा. केरीहून तेथे जावयाचे तर फेरीबोटीने नदी ओलांडावी लागते. फेरी पलीकडे असली म्हणजे धक्क्यावर माणसे, दुचाक्या व मोटारी रांगेने उभ्या राहतात, आणि मोटारींची तुलना करण्यास याहून उत्तम जागा सापडणे कठीण. कोणाच्या गाडीतून किती माणसे उतरतात, कोणाच्या आजीबाईंना चढताना हात द्यावा लागतो, कोणाचे सामान कोठे कोंबलेले आहे, हे तेथे काही लपत नाही.

आमची मंडळी सात होती: आई, आत्या, थोरले बंधू व वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी. तेरेखोलच्या किल्ल्यातील संत अंतोनीच्या चर्चचे दर्शन घ्यावे हा आत्याचा जुना संकल्प होता. आम्ही सावंतवाडीहून आरोंद्याला आलो, किरणपाणीचा पूल ओलांडला आणि पालयेमार्गे केरी गाठली. वाहन होते बंधूंनी नुकतेच घेतलेले ‘ट्रायबर’. रेनो या फ्रेंच कंपनीने चेन्नईजवळच्या ओरगडम येथील कारखान्यात बनवून ऑगस्ट 2019 मध्ये बाजारात आणलेली ही गाडी. ‘क्विड’ या लहान मोटारीचा सांगाडा सुधारून व लांबवून त्यावर सात आसनांची एक देखणी छोटी व्हॅन उभी केलेली आहे. लांबी 3990 मिलिमीटर, म्हणजे चार मीटरांना अवघे बोटभर कमी. हे बोटभर अंतर योगायोगाने राहिलेले नाही. चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या गाडीस आपल्याकडे कर कमी पडतो. इंजिन 999 घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे.

लहान मोटारीच्या अंगाने मोठ्या कुटुंबाची सोय करावी ही कल्पना मात्र नवी नव्हे. बेन पोन नावाच्या डच व्यापाऱ्याने 1947 मध्ये वहीच्या पानावर एक चित्र रेखाटले आणि 1950 पासून जर्मनीत फोक्सवागनच्या ‘बीटल’ मोटारीच्या यंत्रावर चालणारी व्हॅन तयार होऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने हिंदुस्थानात व गोव्यात आलेल्या हिप्पींनी हीच व्हॅन घर म्हणून वापरली. इटलीत फियाटने 1956 मध्ये आपल्या चिमुकल्या ‘600’ मोटारीवरून ‘मुल्तिप्ला’ काढली. तिच्यात सहा माणसे बसत आणि तिकडील टॅक्सीवाल्यांना ती फार मानवली.

आपल्याकडे या घराण्याची मूळ पुरुष म्हणजे मारुती व्हॅन. मारुती 800 ही मोटार डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, आणि पुढल्याच वर्षी तिचेच 796 घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन व्हॅन आली. 1988 मध्ये तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले. तोंड चपटे, इंजिन पुढील आसनांखाली, दोन्ही बाजूंस सरकते दरवाजे. हिंदी चित्रपटांनी तिला अपहरणकर्त्यांची गाडी म्हणून बदनाम केले खरे, परंतु प्रत्यक्ष आयुष्यात तिने किती पुण्य जोडले! ती शाळेची गाडी झाली, रुग्णवाहिका झाली, गोव्यात टॅक्सी झाली, मासळीची वाहतूक करू लागली. कित्येक कुटुंबे तिच्यातूनच लग्नास गेली आणि तिच्यातूनच स्मशानभूमीपर्यंतही. पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले, कारण अपघातापासून संरक्षणाचे नवे सरकारी नियम पाळणे तिच्या त्या चपट्या तोंडास शक्य नव्हते. समोरून धडक बसली तर चालकाचे गुडघे व समोरचे वाहन यांच्यामध्ये पातळ पत्र्याखेरीज फारसे काही नसे.

केरीच्या धक्क्यावर आमच्या पुढे अशीच एक जुनी ओम्नी उभी होती. तिचा वयस्क चालक आमच्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आला. पुढची जाळी, छतावरील दांड्या, मागचे दिवे, सारे त्याने न्याहाळले आणि बंधूंना म्हणाला, “तुमची गाडी लग्नाला, माझी बाजाराला.” मग त्याने आपला सरकता दरवाजा उघडून दाखविला. अरुंद गल्लीत, शेजारी भिंत असली तरी, माझ्याकडे माल उतरतो. तुमचे दार बाहेर उघडते, त्याला जागा हवी, हे त्याचे म्हणणे. त्यात तथ्य होते, आणि बंधूंनीही ते मोकळेपणाने मान्य केले.

आमच्या घरातही एकमत नव्हते. आईला गाडी आवडली ती पायरीची उंची बेताची म्हणून. वाकावे लागत नाही आणि चढावेही लागत नाही. वहिनींना मधल्या आसनांची पुढे-मागे सरकण्याची सोय पसंत पडली. मुलांना तिसऱ्या रांगेचे वेड, कारण ती आसने काढून बाजूला ठेवता येतात. ती काढली म्हणजे मागे 625 लिटर सामानाची जागा होते. परंतु सातही जण बसले की उरतात फक्त 84 लिटर. त्यामुळे आमचे जेवणाचे डबे मांडीवरच आले. आत्या मात्र स्पष्टवक्ती. निघताना बंधू म्हणाले होते, “आत्या, तू पुढे बैस.” त्यावर ती म्हणाली, “पुढे तुझ्या आईला बसव. मी पोरांबरोबर मागे बसते.” केरीस उतरल्यावर गुडघे चोळीत तिने निकाल दिला, “दिसायला झोकदार आहे रे बाबा, पण तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या माणसाचे काम नाही.” परतीच्या वाटेवर ती जागा अर्थातच मला मिळाली, आणि चढणीवर सात माणसांसह ते लहान इंजिन कसे धापा टाकते हेही मागे बसून नीट ऐकू आले.

ही झाली रूपाची आणि सोयीची मते. परंतु माझ्या मते कुटुंबाच्या गाडीस विचारावयाचा पहिला प्रश्न निराळाच आहे. ‘ग्लोबल एनकॅप’ ही संस्था मोटारी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवून आतील माणसांचे काय होईल ते तपासते. 2016 मध्ये तिने तपासलेल्या भारतीय गाड्यांत ओम्नीची धाकटी बहीण ‘ईको’ होती, आणि ट्रायबरची आई ‘क्विड’ही होती. मे महिन्यातील त्या निकालात दोघींच्याही पदरी शून्य तारे पडले. पुढे 2021 मध्ये ट्रायबरची तपासणी झाली, तेव्हा तिला प्रौढांच्या संरक्षणासाठी पाचांपैकी चार तारे मिळाले आणि मुलांच्या संरक्षणासाठी तीन. 2025 च्या नव्या आवृत्तीत तर सहा एअरबॅग सर्वच प्रकारांत आल्या, आणि ईकोनेही त्याच वर्षी सहा एअरबॅग घेतल्या. म्हणजे आईच्या शून्यातून लेक सुधारू शकते. माणसाने मागितले, नियमाने भाग पाडले, की कारखानदारास ते जमते. मात्र मुलांचे तारे मोठ्यांपेक्षा एकाने कमी, ही गोष्ट प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फेरी आली. गाड्या एकामागून एक चढल्या, आणि थोड्याच वेळात आम्ही तेरेखोलच्या तीरी लागलो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी जिंकला. पुढे आत चर्च झाले. आज ते संत अंतोनीच्या नावाने ओळखले जाते. लिस्बनमध्ये जन्मलेला हा संत पोर्तुगीजांचा विशेष लाडका, आणि हरवलेले सापडवून देणारा म्हणून आपल्या आयाबहिणींचाही. याच किल्ल्यात 15 ऑगस्ट 1954 रोजी अल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही शिरले व त्यांनी तिरंगा फडकविला. त्यांना तुरुंगवास भोगावा लागला, आणि गोवा मुक्त होण्यास 1961 चा डिसेंबर उजाडावा लागला. चर्चसमोर उभे राहून आत्याने आपली प्रार्थना म्हटली. तटावरून पाहिले तर खाली नदीचे मुख, पलीकडे केरीची वाळू आणि धक्क्यावर मुंग्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या. इतक्या उंचीवरून कोणती नवी व कोणती जुनी हे काही ओळखू येत नव्हते.

रेडी-शिरोड्याच्या वाटेने घरी परतताना रस्ता अरुंद व वळणांचा होता. वाटेत एक लहान गाडी आमच्या पुढे गेली. तिच्यात मी मोजली ती नऊ माणसे, आणि पुढल्या आसनावर आईच्या मांडीवर उभे असलेले एक मूल. वाचकहो, आपल्याही पॅरिशमध्ये नोव्हेनाला, लग्नाला, यात्रेला जाताना हे दृश्य दुर्मीळ आहे काय? “एवढ्यात काय होते, सरकून बसा” हे वाक्य आपण प्रेमाने उच्चारतो. कोणी मागे राहू नये ही त्यातील भावना खरोखर ख्रिस्ती आहे. परंतु तारे मोजणारी ती संस्था गाडीतील माणसे पट्टा बांधलेलीच धरते. आठवे माणूस चढले आणि पट्टे सुटले की चार ताऱ्यांचा हिशेब तेथेच संपतो.

म्हणून या देखण्या लहान व्हॅनविषयी माझे मत असे: मध्यम प्राप्तीच्या मोठ्या कुटुंबास ती योग्य आहे. तिसऱ्या रांगेत उंच किंवा म्हाताऱ्या माणसास दूरच्या प्रवासासाठी बसवू नये, सामान थोडे घ्यावे, घाटात घाई करू नये. मुलांना मांडीवर न घेता त्यांच्या स्वतंत्र आसनावर, पट्ट्याने बांधून बसवावे. आणि माणसे अधिक झाली तर दोन खेपा कराव्यात, अथवा उरलेल्यांनी एस.टी.ने यावे. केरीच्या फेरीवरही बोट भरली की पुढची मंडळी धक्क्यावर थांबतातच. पुढच्या खेपेस ती पलीकडे पोहोचतात, आणि संत अंतोनी तोवर कोठे जात नाही.