वीस-ऐंशीचा नियम

परवा शुक्रवारी ऑफिसात एक गंमत झाली. आमच्या कॅम्पसमध्ये गेटपासून बिल्डिंगपर्यंत पाहुण्यांना सोडायला बॅटरीची गाडी आहे, गोल्फच्या मैदानावर असते तसली. ती नेमकी चढावर बसली. गाडीवाले मामा वेल्ह्याकडचे, मी भोरचा, म्हणजे गाववालेच. ढकलता ढकलता मी आपलं ज्ञान पाजळलं, "मामा, चार्जिंग जास्त झालं असेल. बॅटरी शंभर टक्के भरू नये, खराब होते."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स! "साहेब, ही काय मोबाईलची बॅटरी हाय व्हय? सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा हायेत, ॲसिडवाल्या. यांना पोटभर लागतं. काल रात्री कुणीतरी अर्ध्यातच प्लग काढला, म्हणून बसलीय."

मी हसून सोडून दिलं. शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो आणि ते हसू घशातच अडकलं.

कापूरहोळवरून भोरकडे वळलो तेव्हाच पाऊस सुरू झाला होता. घरी आलो तर आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर.

"हे कधी?"

"सोमवारी. तुझं रिलीज होतं ना, म्हणून नाही कळवलं."

झालं असं की सोमवारी रात्री लाईट गेली. (भाटघर धरण इथून हाकेच्या अंतरावर, १९२८ सालचं, पायथ्याला वीजघरसुद्धा आहे. पण पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की आम्ही आपले अंधारात!) अण्णांनी इन्व्हर्टर चालू केला. आई कळशी घेऊन मागच्या पायऱ्या उतरत होती. पाच मिनिटांत इन्व्हर्टर कोकलला आणि बंद पडला. दोन पायऱ्या राहिल्या होत्या.

हा इन्व्हर्टर मीच दोन दिवाळ्यांपूर्वी घेऊन दिला होता. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, चांगली चार-पाच वर्षं चालायला हवी. मी तावातावाने म्हटलं, "पाणी टाकलं नसेल तुम्ही!" अण्णा काही बोलले नाहीत. मी बॅटरीवरचे फ्लोट बघितले तर सगळे बरोबर वर. माणूस तीस वर्षं ट्रॅक्टरची बॅटरी सांभाळतोय, डिस्टिल्ड वॉटर त्याला मी काय शिकवणार?

मग अण्णाच म्हणाले, "मी तर तू सांगितलंस तसंच करतो. चार दांड्या लागल्या की प्लग काढतो. कायम चार्जिंगला ठेवायचं नाही म्हणालास ना?" त्यासाठी त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून बायपासचं बटणसुद्धा बसवून घेतलं होतं.

म्हणालो होतो. त्यांच्या मोबाईलबद्दल. स्टँड-अप मीटिंगला जाता जाता, घाईघाईत, "अण्णा, बॅटरी वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवायची" असं सांगून फोन ठेवला होता. कुठली बॅटरी ते सांगायचं राहून गेलं.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, उपयोगाचं आहे. मोबाईलमध्ये लिथियम असतं. ते सतत काठोकाठ भरलेलं आणि वर गरम राहिलं की लवकर म्हातारं होतं. इन्व्हर्टरमधली शिसं-ॲसिडची बॅटरी म्हणजे १८५९ साली प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसाने काढलेला प्रकार, आणि तिचं बरोबर उलटं. ती वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. पूर्ण चार्ज केली तर ते परत विरघळतं. अर्धवट सोडली तर त्याचे खडे होतात, आणि ते खडे मग सहजासहजी निघत नाहीत. ट्रॅक्टरची बॅटरी स्टार्टर फिरवून लगेच पुन्हा भरते, म्हणून तिथे हे कळत नाही. इन्व्हर्टरची आणि मामांच्या गाडीची मात्र तासन् तास पिळली जाते. निम्म्याखाली उतरवू नये आणि उतरली की पूर्ण भरावी, एवढाच नियम. पाणीसुद्धा चार्जिंग झाल्यावर टाकावं, आधी टाकलं तर फुगून बाहेर येतं.

गॅरेजवाल्याकडून हायड्रोमीटर आणला. भरलेल्या बॅटरीत १.२४ च्या आसपास यायला हवं. पाच कप्पे १.१७-१.१८, सहावा १.११. एक आशा होती. बॅटरी पडवीत नेली आणि रात्रभर चार्जिंगला लावली. पडवीत अशासाठी, की ती इतके दिवस देवघराच्या खाली होती! चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि वर आईचं रोजचं निरांजन. ही जागा मीच निवडली होती, वायर दिसू नये म्हणून.

रविवारी सकाळी पाच कप्पे १.२२ वर आले होते. सहावा १.१२. सहाही एका माळेत असतात, एक मेला की सगळ्यांचा खेळ संपला. दुपारी जुनी देऊन नवी आणली. दुकानदाराने शिशाचे पैसे वजा करून दिले.

अण्णा एकदाही म्हणाले नाहीत की तुझ्यामुळे झालं. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ऑफिसात ज्युनियरला दोन ओळींचा बदल सांगताना मी "समजलं ते परत सांग" म्हणतो. घरी मात्र सगळं वन-वे.

असो. आता प्लग कायम चालू असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी 'पाणी' असं लिहिलंय. त्या दिवशी मी भोरला जायचं असं ठरलंय.

कालच अण्णांचा फोन आला. "फ्लोट बघितले रे. पाणी बरोबर आहे."

मी म्हटलं, "बरं."

"तरी ये."