आजीचा तुकाराम

लोणारला आमच्या आळीत टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. कृष्णधवल, लाकडी शटरचा. टीव्ही एका घरी आणि अख्ख्या आळीची पोरं ओसरीपासून चुलीपर्यंत दाटीनं बसलेली. रविवार संध्याकाळचा हिंदी सिनेमा आम्हा सगळ्यांना आठवतो. त्याहून जास्त आठवतो पत्र्यावरचा अँटेना. त्याचं तोंड धारेच्या झऱ्याकडं वळवलं की चित्र यायचं, वारा सुटला की जायचं.

"मुंग्या आल्या रे!"

"आता दिसून राह्यलं का?"

"दिसलं, दिसलं! हलू नको!"

थोरल्या भावानं कितीतरी सिनेमे पत्र्यावर बसून नुसते ऐकले.

नवरात्रात अनवाणी विवर उतरून कमळजादेवीला जाणारी आजी सिनेमाच्या नावानं नाक मुरडायची. पण एकदा 'संत तुकाराम' लागला, प्रभातचा, १९३६ सालचा, आणि ती सर्वांत पुढं येऊन बसली. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा आम्हाला नवाच होता. तिनं तो लहानपणी, माहेरच्या जत्रेत, तंबूतल्या मातीवर बसून पाहिला होता. विष्णुपंत पागनीस दिसले तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. गौरीची आवली विठोबाला सुनावू लागली, तेव्हा आजी आमच्या आधी हसली. आजीही कधी आमच्याएवढी होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. पुण्यातल्या तिच्या स्टुडिओत पुढं फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. प्रभातचे सिनेमे मात्र टीव्हीनं आमच्या ओसरीवर आणले. अमेरिकेतही असंच घडल्याचं पुढं वाचलं. काउबॉय हॉपअलाँग कॅसिडी साकारणाऱ्या विल्यम बॉइडनं सगळी पुंजी ओतून आपल्या ६६ जुन्या सिनेमांचे हक्क घेतले. १९४९ साली ते टीव्हीवर आले आणि नवी पोरं त्याच्यावर वेडी झाली. तिथंही एखादी आजी नातवाच्या आधी हसली असेल.

त्या दिवशी पडद्यावर तुकोबा वैकुंठाला निघाले आणि नेमकं व्होल्टेज उतरलं. चित्र आक्रसलं, पण आजीचे हात जोडलेलेच राहिले. सिनेमा संपला, भाऊ पत्र्यावरून उतरला. आजी उठली, आणि शेजारती झाल्यावर गाभाऱ्याचं दार लावावं तसं तिनं दोन्ही हातांनी, आवाज न करता, टीव्हीचं शटर ओढून घेतलं.